बांधावरची लीडर

२९ जून, रविवार

अलिबागहून परत आले. तीन दिवसांचं युवती नेतृत्व शिबिर पूर्ण. सर्टिफिकेट मिळालं. बाबा ते उद्या मुरूडला नेऊन लॅमिनेट करून आणणार आहेत. बी.ए.च्या शेजारी लावायचं म्हणतात. घरात भिंतीवर लावण्यासारखे कागद दोनच, आणि दोन्हींवर नाव माझं.

शिबिरात कळलं की मी जन्मापासूनच लीडर आहे. म्हणजे हेमांगी मॅडम म्हणाल्या, प्रत्येकीत एक लीडर दडलेली असते. पण 'प्रत्येकीत' म्हणताना त्या माझ्याकडे बघत होत्या.

नेतृत्वाच्या शैली पाच: हुकूमशाही, लोकशाही, प्रेरणादायी, मोकळीक देणारी आणि सेवाभावी. मॅडम म्हणाल्या, चांगली लीडर प्रसंग बघून शैली निवडते. मी ठरवलंय, पाचही वापरायच्या. एक लागू पडली नाही तर दुसरी हाताशी असावी.

प्रोजेक्ट असा: आपल्या गावातला एक गट घ्यायचा आणि पंधरा दिवस त्याचं नेतृत्व करायचं. १४ जुलैला मॅडम स्वतः बघायला येणार, व्हिडिओ काढणार. बारा मुलींमधून एकीची तालुका समन्वयक म्हणून निवड. पगार. गळ्यात ओळखपत्र. एसटीतून उतरून घरी पोचेपर्यंत बाबांनी चौघांना सांगितलं की पोरीला नोकरी लागली. मी म्हटलं, बाबा, अजून लागायचीय. म्हणाले, एकच ते.

३० जून, सोमवार

पहाटे पाचला उठायचा संकल्प. सव्वासातला उठले. स्वतःवर हुकूमशाही करू नये असं माझं मत झालं आहे.

कॉन्फिडन्सचा व्यायाम: पाय रोवून उभं राहायचं, हात कमरेवर, हनुवटी वर, दोन मिनिटं. गोठ्यामागे केला. आईला वाटलं माझी कंबर धरली. दुपारी तेल गरम करून चोळून दिलं. खूप बरं वाटलं. कॉन्फिडन्स व्यायामाने वाढला की तेलाने, हे सांगता येणार नाही.

नजरेला नजर देण्याचा सराव म्हशीबरोबर केला. चाळीस सेकंद. आधी मान तिने वळवली.

गट ठरला. लावणीच्या बाया. आमच्याकडे भात लावायला मजूर कुणी लावत नाही. दहा घरं, प्रत्येक घरची एक बाई. आज सगळ्या हिच्या शेतात, उद्या सगळ्या तिच्या. कित्येक पिढ्या असंच चाललंय, तेही लीडरशिवाय. किती वर्षं वाया गेली असतील.

मी स्वतः कधी लावणी केलेली नाही. बाबांनी मला चिखलात उतरूच दिलं नाही. शिकणाऱ्या पोरीचे पाय हायत ते, म्हणायचे. पण लीडरला काम यावं लागत नाही, करून घेता यावं लागतं. शिबिराची वही, पान सात.

१ जुलै, मंगळवार

शैली: लोकशाही.

चार वाजता समाजमंदिरात मीटिंग. साडेपाचला आल्या. तेवढ्यात स्वागताचं भाषण तीनदा म्हणून झालं, त्यामुळे प्रत्यक्षात चौथ्यांदा म्हणताना मलाच कंटाळा आला.

ओळखीचा खेळ घेतला. प्रत्येकीने आपली एक जमेची बाजू सांगायची. ठमाकाकी वयाने सगळ्यात मोठी, म्हणून पहिला मान तिला. ती बराच वेळ विचार करून म्हणाली की दाढ पडलेय, बाकी सगळं बरं आहे. चंदरच्या आईने सांगितलं की ती डोक्यावर दोन हंडे घेऊन पळू शकते. काळूरामकाकांची साक्षी माझ्याच वर्गातली. ती म्हणाली, दहावीला तीनदा बसलेय, माझ्याएवढी हिंमत तुमच्यात कुणाची हाय ते सांगा.

मग मतदान. लावणी आधी कोणाच्या शेतात करायची? चिठ्ठ्या नकोत म्हणाल्या, हात वर करून घेतलं. दहा शेतं. प्रत्येक शेताला एक मत.

यावर पुढे काय करायचं हे शिबिरात झालं नव्हतं. मी वहीत बघत होते तेवढ्यात ठमाकाकी पदर झटकत उठली आणि म्हणाली की पाणी काळूरामच्या शेतात आधी येतं, तेव्हा सुरुवात तिथून. मग पाणी जसं उतरेल तसं खाली खाली यायचं. बुधाजीचं रस्त्याकडेला, सगळ्यात शेवटी. बुधाजी म्हणजे माझे बाबा. सगळ्या 'व्हय' म्हणाल्या आणि घरी गेल्या.

लोकशाहीत एकमत होणं किती दुर्मीळ. मी घडवलं.

३ जुलै, गुरुवार

शैली: हुकूमशाही. मुरूडहून शिट्टी आणली आहे.

साडेआठला काळूरामकाकांच्या बांधावर पोचले आणि शिट्टी वाजवून काम सुरू केलं. साडेसहापासून सुरूच होतं, पण अधिकृतपणे साडेआठला. शिट्टीने दोन कुत्री आणि दयारामकाकांची शेळी आली. बायांनी मान वर केली नाही. आदेश इतका अंगवळणी पडला की वर बघायचीही गरज वाटू नये, याला शिस्त म्हणतात.

आईपण लावत होती. तिनेही वर बघितलं नाही. घरचं माणूस म्हणून सवलत मागितली नाही, हे आवडलं.

४ जुलै, शुक्रवार

ठमाकाकीचं शेत. लीडरला सगळं वरून दिसलं पाहिजे. चिखलात उतरलं की फक्त चिखल दिसतो. म्हणून बांधावर छत्री घेऊन उभी राहिले. हातात हजेरीची वही. दहा नावं, अकरावं माझं. माझ्यापुढे रोज पहिली टिक.

सहा तास उभं राहणं सोपं नाही. पोटऱ्या भरून आल्या. बायांना हे समजत नाही, कारण त्या वाकलेल्या असतात.

५ जुलै, शनिवार

शैली: प्रेरणादायी. स्थळ: चंदरच्या आईचं शेत.

'मी कोण आहे?' या विषयावर बांधावरून पाऊण तास बोलले. आज एक विलक्षण गोष्ट घडली. भाषण सुरू केलं तेव्हा सगळ्या पलीकडच्या बांधाजवळ होत्या. संपवलं तेव्हा माझ्यापासून पाच हातांवर. शब्दांची ओढ म्हणतात ती हीच. पाठमोऱ्या आल्या, पण आल्या.

शेवटी विचारलं, काही प्रश्न? चंदरच्या आईने विचारलं, बाजूला होशील का, तिथपर्यंत लावायचंय.

६ जुलै, रविवार

एकादशी. लावणी बंद. साबुदाण्याची खिचडी, दोनदा. नेतृत्वालाही विश्रांती हवी.

७ जुलै, सोमवार

आईचा गुडघा टम्म सुजला. पाय खाली टेकवत नाही. चूल बाबांनी पेटवली.

आई म्हणाली, आता माझ्या जागी तू जाशील ना शेतावर. मी म्हटलं, अगं, मी तर रोज जातेच. सगळ्यांच्या आधी माझी टिक असते. तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी भिंतीवरच्या सर्टिफिकेटकडे. मग विषय तिथेच राहिला.

आईपुढे 'आजारी' लिहिलं.

८ जुलै, मंगळवार

शैली: मोकळीक देणारी. यात लीडरने कशातही हस्तक्षेप करायचा नसतो.

जांभळाखाली छत्री टेकवून बसले. डोळा लागला. उठले तेव्हा शेत लावून झालं होतं आणि माझ्या मांडीवर कुणीतरी केळीच्या पानात दोन भाकऱ्या आणि सुकटीची चटणी ठेवली होती.

पाचांमधली सर्वांत परिणामकारक शैली.

१० जुलै, गुरुवार

कॉन्फिडन्स आता इतका झालाय की थोडा कमी केला तरी चालेल. म्हैस मला बघून आपणच मान वळवते.

बाबांनी मॅडमसाठी नवीन खुर्ची आणली, लाल. प्लास्टिकचं वेष्टण काढायचं नाही म्हणाले, सोमवारी त्यांच्यासमोर काढू. रस्त्यावरून जाणाऱ्याला थांबवून सांगतात, १४ तारखेला अलिबागची मॅडम येणार, पोरीला कागद देणार. काशीदच्या मामालाही फोन झाला. मी म्हटलं, कागद त्या दिवशी नाही मिळत. म्हणाले, मग खुर्ची हाय ना, बसतील.

१२ जुलै, शनिवार

नऊ दिवस, नऊ शेतं, फत्ते. आता फक्त आमचं मोठं खाचर. वर्षभराचा तांदूळ त्यातच पिकतो. शेवटच्या दिवशी स्वतःच्याच शेतात टीम घेऊन मॅडमसमोर उभं राहायचं. नशीब म्हणतात ते हेच.

वहीची बेरीज केली. माझी हजेरी नऊपैकी नऊ. आईची तीन.

आईने विचारलं, सोमवारी कोण कोण येणार? म्हटलं, सगळ्या नऊ. ती गुडघ्यावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, एकदा घराघरात जाऊन बोलाव. आपणहून जा. मी समजावलं की आता लीडर दारोदार जात नाहीत. 'टीम प्रगती' ग्रुपवर मेसेज टाकला: सोमवार, सकाळी सहा, मोठं खाचर, एकजूट हीच ताकद. खाली तीन मुठी.

ग्रुपवर मी, साक्षी आणि चंदर आहोत. चंदर पुण्याला असतो. साक्षीने अंगठा पाठवला.

१३ जुलै, रविवार

दयारामकाकांनी पॉवर टिलरने आमचं खाचर चिखललं. चिखल अगदी श्रीखंडासारखा. बाबांनी रोपं उपटून, जुड्या बांधून बांधावर ओळीने ठेवल्या. दयारामकाका जाताना म्हणाले, उद्या, फार तर परवा लावून काढा, नंतर चिखल घट्ट धरतो आणि रोपंही तापतात.

म्हटलं, काका, नऊजणी आहेत, दुपारपर्यंत संपेल. काकांनी आईकडे बघितलं. या गावात सगळे बोलायच्या आधी दुसऱ्याकडे का बघतात?

उद्याचं भाषण पाठ. पहिलं वाक्य: 'मी पुढे आहे, कारण माझ्यामागे माझी टीम आहे.'

१४ जुलै, सोमवार. संध्याकाळ.

क्रमाने लिहिते.

सहाला ठमाकाकी, साक्षी आणि चंदरची आई आल्या. खाचरात उतरल्या, लावायला लागल्या. मी बांधावर. साडेसहा झाले. सात झाले. शिट्टी वाजवली. कुत्री आली. पावणेआठला पुन्हा वाजवली. तीच कुत्री, पण नाराज.

शेवटी ठमाकाकीला विचारलं, बाकीच्या सहाजणी कुठे आहेत? तिने कंबर सरळ केली. अजिबात राग नव्हता तिच्या आवाजात, तेच वाईट.

"तुझी आय तीन दिस आली. माझ्याकडं, काळूरामकडं, चंदरकडं. म्हून आमी तिघी आलो. बाकीच्यांच्या शेतात तुमच्या घरचं कोन उतरलं?"

मी म्हटलं, मी होते ना. नऊही दिवस. वहीत आहे.

"व्हय, व्हतीस की," ठमाकाकी म्हणाली. "पन हात कुटं व्हतं तुझं?"

"छत्रीत," साक्षी म्हणाली.

आमच्याकडे हातामागे हात असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून बघते आहे. पण बघितलेल्या गोष्टी वहीत नसतात. पान सातवर तर ही नव्हतीच.

तिघींनी एवढं मोठं खाचर. सूर्य वर यायला लागला. बाबा जुड्या फेकत होते, माझ्याकडे बघत नव्हते. लाल खुर्ची बांधावर, वेष्टणासकट.

साडेदहाला वळणावर मॅडमची गाडी दिसली आणि मी शैली बदलली. सेवाभावी. सलवार वर खोचली, चपला काढल्या, उतरले. बाबा 'अगं' म्हणाले, पण तोवर गुडघ्यापर्यंत गेले होते. चिखल आतून कोमट असतो. कुणी सांगितलं नव्हतं.

व्हिडिओत लीडर टीमच्या पुढे दिसली पाहिजे. म्हणून तिघींच्या पुढे गेले आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. हात कमरेवर, हनुवटी वर. मॅडमनी मोबाईल समोर धरला.

ठमाकाकी म्हणाली, प्राप्ती, भातावर उभी हायस. मी दोन पावलं सरकले. तिथंही भात होतं. आणखी दोन. तिथंही.

"लावणीत म्होरं कुनी न्हाय र्‍हात गो," ती म्हणाली. "म्होरं भात असतंय. मानसं मागं."

तेव्हा लक्षात आलं. त्या लावत लावत मागे सरकत असतात. सगळ्याच, एका रांगेत. चंदरच्या आईच्या शेतात माझ्या भाषणाकडे त्या का आल्या, तेही लक्षात आलं. एकाच वेळी दोन गोष्टी लक्षात आल्या की पाय जागचा हलत नाही. मी ओढला. मी बसले. पूर्ण.

व्हिडिओ चालू होता.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी मोबाईल बायांकडे वळवला आणि विचारलं, मावशी, तुमची लीडर कोण? मी चिखलात बसून प्रार्थना केली की कुणी काही बोलू नये. पण मी ठमाकाकीच्या ओट्यावर खेळत मोठी झालेली. तिने मला सावरून घ्यायचं ठरवलं. माझ्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्या अभिमानाने मोबाईलला सांगितलं:

"ही काय. आमची लीडर. नऊ दिस छत्री धरून बांधावर उभी व्हती, जरा बी हालली न्हाय. पावसात बी न्हाय, उन्हात बी न्हाय. आज पयल्यांदा चिखलात आलेय."

मॅडमनी मोबाईल खाली केला. म्हणाल्या, छान. मग खुर्चीवर बसल्या. वेष्टण काढायचं बाबा विसरले. मॅडम हलल्या की ते वाजत होतं. चहा घेतला आणि श्रीवर्धनला जायचंय म्हणून निघाल्या. तिथल्या मुलीने सुपारी सोलणाऱ्या बायांचा प्रोजेक्ट केलाय. जेट्टीवर गाडी बोटीत चढवायची होती.

भाषण राहिलं.

चारपर्यंत तिघींनी आणि मी, म्हणजे तिघींनी, अर्ध्याहून थोडं कमी लावलं. उरलेल्या जुड्या बांधावर तशाच. पाला कडेने वळायला लागलाय.

मग मी सहाही घरी गेले. चिखल वाळला होता, अंग धुवायला वेळ नव्हता. कमरेवर हात ठेवायचे विसरले. नजर कुणाला दिली नाही, दिली असती तर रडले असते. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. प्रत्येक दारात एवढंच म्हटलं की काकी, माझं चुकलं, उद्या याल का, तुमच्या बेणणीला, तण काढायला, मी येईन, एक दिवस, खरी येईन, छत्री आणणार नाही. आवाज अजिबात कॉन्फिडन्सचा नव्हता. दुसऱ्या घरी तर उचकी लागली. त्यांनी पाणी दिलं.

कुणी हो म्हणालं नाही. कुणी नाही म्हणालं नाही. एकीने फक्त माझे पाय बघितले आणि घरात सुनेला हाक मारून दाखवले.

१५ जुलै, मंगळवार

सहाही आल्या.

ठमाकाकी, साक्षी आणि चंदरची आईसुद्धा आल्या. त्यांचं काहीच देणं उरलं नव्हतं. मी विचारलं, तुम्ही का? साक्षी म्हणाली, काल संध्याकाळपासून गावात तुझ्या उचकीचीच गोष्ट चाललेय, म्हटलं जवळून ऐकावी.

एक वाजता खाचर लावून झालं. मीही लावलं. मागे सरकत. ठमाकाकीच्या शेजारी, म्हणजे ती तीन ओळी लावायची तेव्हा माझी एक.

आई दारात पाय लांब करून बसली होती. तिथून रस्त्याकडेचं आमचं खाचर दिसतं. बाबा तिला ओरडून सांगत होते की कुठली ओळ माझी. सांगायची गरज नव्हती. एकच वाकडी होती.

वही घरीच राहिली. हजेरी कुणी घेतली नाही.

१६ जुलै, बुधवार

माझी रोपं तरंगली. रुतवायची असतात, ठेवायची नसतात. बाबांनी सकाळीच गुपचूप परत लावली. मला कळू नये म्हणून घरी येताना पाय धुऊन आले. बाबा शेतातून पाय धुऊन येत नाहीत, त्यावरून कळलं.

कंबर धरली. या वेळी खरंच. तेल.

२२ जुलै, मंगळवार

निकाल. श्रीवर्धनची मुलगी. मला अभिप्राय: 'निरीक्षणक्षमता चांगली. प्रत्यक्ष सहभाग वाढवावा.'

बाबांना सांगितलं. म्हणाले, चांगली हाय असं लिहिलंय ना त्यात? मी म्हटलं, निरीक्षणक्षमता. म्हणाले, तेच. कागद लॅमिनेट करून आणतो.

भिंतीवर आता तीन.

५ ऑगस्ट, मंगळवार

कबूल केलेल्या सहापैकी दुसरा दिवस. बेणणी. तण उपटायचं, भात ठेवायचं. दिसतात सारखीच. दुपारपर्यंत मी पुष्कळ काम केलं. मग शेतवाल्या काकींनी माझा ढीग बघितला आणि म्हणाल्या की तू आता बस, भाकरी खा. उद्यापासून मला बांधावरचं गवत काढायला सांगितलंय. बांधावर. म्हणाल्या, तिथली तुला सवय हाय.

शिट्टी साक्षीला देऊन टाकली. तिच्या काकडीच्या मांडवावर वानरं येतात. आज जाताना बघितलं, तिने एकदा वाजवली आणि सगळी टोळी पळाली. मी वाजवायचे तेव्हा कुत्रीच यायची. विचारलं, तुझं कसं काय ऐकतात?

म्हणाली, "वाजवून मी उभी न्हाय र्‍हात. मागं धावते पन."

घरी येऊन शिबिराची वही बघितली. ही शैली त्यात नाही.